अंजिरापाशी अडलेली पालखी

मालोजींनी मुळात एवढंच ठरवलं होतं, की अंगणातलं अंजिराचं झाड काही झालं तरी तोडू द्यायचं नाही. त्यापायी गावदेवीची पालखी अडवून धरावी, असा त्यांचा अजिबात बेत नव्हता. (देवीशी वैर घेणारी माणसं वेगळी असतात. मालोजी आपल्या बायकोशी, बनुबाईंशीसुद्धा वैर घेत नाहीत.) पण काही माणसांचा हातगुणच असा असतो, की खिडकी लावायला गेले तर गजच निखळून हातात येतो. मालोजी त्यांपैकी होते.

पोलादपूर सोडून कशेडीच्या दिशेने थोडं गेलं, की हायवेवरून आत एक रस्ता वळतो. त्या रस्त्याच्या शेवटी मालोजींची वाडी. शेती भाताची, चार आंबे, दोन म्हशी आणि अंगणाच्या कडेला हे अंजीर. फार वर्षांपूर्वी ते सासवडला एका लग्नाला गेले होते. तिथली अंजिरं खाऊन त्यांना लग्नाचं जेवणही गोड लागेना. येताना त्यांनी एक फांदी ओल्या गोणपाटात गुंडाळून आणली. आंबेनळी घाटाच्या वळणांवर अख्खी एसटी ओकत होती, आणि मालोजी ती फांदी तान्ह्या पोरासारखी मांडीवर घेऊन बसले होते.

फांदी जगली. नुसती जगली नाही, माजली. पोलादपूरच्या पावसात तिला पाला एवढा आला, की एकेका पानावर जेवण वाढावं. फळांचं मात्र नाव नाही. सुपारीएवढी हिरवी बोंडं धरायची, मालोजी शेजारीपाजारी सांगून यायचे, आणि दुसऱ्या दिवशी ती गळून अंगणात पडायची. बनुबाई ती झाडून गोळा करायच्या आणि काही बोलायच्या नाहीत. मालोजींना ते न बोलणंच जास्त लागायचं.

अशात मालोजींना साखर निघाली. महाडच्या डॉक्टरांनी गोळी दिली, गोड बंद केलं, रोज चालायला सांगितलं. मालोजींनी ते फारसं मनावर घेतलं नाही. बनुबाईंनी मात्र घेतलं. मालोजींचे थोरले भाऊ याच साखरेने गेले होते. पायाला साधा काटा लागल्याचं निमित्त झालं, जखम चिघळली, पाय काढावा लागला, आणि मग ते उठलेच नाहीत. त्यांचं सगळं बनुबाईंनी केलं होतं. तेव्हापासून मालोजी अनवाणी अंगणात उतरले, तरी त्या आतून चपला घेऊन धावत येत.

आणि मग एके दिवशी वाडीच्या मुंबईकर मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तो मेसेज आला. अंजिराच्या पानांचा चहा! देशोदेशी जुन्या काळापासून पितात. साखर उतरते, चरबी झडते, खोकला सुटतो, पोट साफ होतं, कांती उजळते. खाली हात जोडल्याची चित्रं आणि ‘जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोचवा’ असा हुकूम.

मालोजींचे डोळे भरून आले. इतकी वर्षं ज्या झाडाला वाडीने हसून घेतलं, ते झाड फळासाठी नव्हतंच मुळी. ते पाल्यासाठी होतं!

“आबा, फॉरवर्ड हाय तो,” मुंबईहून त्यांच्या मुलाने, ऋत्विकने फोनवर सांगितलं. “टेन्शन नका घेऊ, पन सीरियसली पन नका घेऊ.”

मालोजी मेसेज घेऊन थेट डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर भले गृहस्थ. म्हणाले, “यावर थोडाफार अभ्यास झालाय. काही जणांची जेवणानंतरची साखर जरा कमी झालेली दिसली. प्यायचा तर प्या. पण अभ्यास लहान आहे, त्याच्या भरवशावर गोळी सोडायची नाही. साखर तपासत राहा. आणि पानं तोडताना चीक अंगावर घेऊ नका, उन्हात फोड येतात.”

मालोजींना ‘प्यायचा तर प्या’ इथपर्यंत स्वच्छ ऐकू आलं. पुढलं ऐकायला ते तिथे बसलेले होते, एवढंच.

घरी येऊन त्यांनी भर दुपारी उघड्या अंगाने पानं तोडली. तिसऱ्या प्रहरापर्यंत दोन्ही हातांवर फोड. “विष बाहेर पडतंय,” असं त्यांनी बनुबाईंना समजावलं. बनुबाईंनी फोडांना खोबरेल लावलं आणि विषाबद्दल काही मत दिलं नाही. मग पानं धुऊन, सावलीत वाळवून, चुरून डब्यात भरली गेली. रोज सकाळी बनुबाई त्यातला चिमूटभर चुरा पाण्यात उकळून गाळून देऊ लागल्या. वासाला जरा ओल्या खोबऱ्यासारखा, चवीला वैरणीसारखा. मालोजी डोळे मिटून प्यायचे आणि “वा!” म्हणायचे. (‘वा’ म्हणताना तोंड उघडतं आणि चव जरा बाहेर जाते, हे त्यांनी शोधून काढलं होतं.)

पुढे त्यांच्या डोक्यात शास्त्र शिरलं. गोळीही घ्यायची आणि चहाही घ्यायचा, तर गुण कोणाचा हे कळणार कसं? तेव्हा प्रयोगाच्या शिस्तीसाठी त्यांनी गोळी गुपचूप बंद केली. बनुबाई भाकरीबरोबर गोळी हातावर ठेवायच्या, मालोजींचा हात तोंडाकडे जायचा, गोळी मात्र मुठीतच राहायची.

आणि काय सांगावं, साखर उतरली! महाडच्या लॅबमधून रिपोर्ट घेऊन मालोजी बाहेर पडले ते चवदार तळ्याला अख्खा वळसा घालून एसटी स्टँडवर आले, कारण सरळ गेले असते तर वाटेत सांगायला माणसं कमी भेटली असती. पोलादपूरला उतरल्यावर पेपरवाल्याला सांगितलं, न्हाव्याला सांगितलं, गाडीची वाट बघणाऱ्या एका अनोळखी बाईंनाही सांगितलं. वाडीतले सगळ्यांत मोठे मानकरी गोमाजीनाना यांनाही साखर. ते स्वतः चालत आले आणि पिशवीभर पाला घेऊन गेले.

त्याच संध्याकाळी बनुबाई म्हणाल्या, “शिमगा झाला का हे झाड तोडायचं.”

मालोजींना वाटलं, आपल्या कानांत काही झालं.

“ऋत्विकने गाडी घेतलीय. उन्हात कुठं उभी करनार? शेड घालायची.”

“अगो, पन या झाडाने माझी साखर उतरवलीय!”

“उतरवली ना? झालं तर मंग. मुरारीला सांगितलंय मी, कापायची मशीन घेऊन येयाला.”

बनुबाई एकदा ‘सांगितलंय’ म्हणाल्या, की ते काम झालेलं असतं. मालोजी रात्री जेवले नाहीत. (थोडं जेवले.) त्यांना कळेना, की जिने थोरल्या भावाचं दुखणं काढलं, तिला आपल्या औषधावर कुऱ्हाड का चालवावीशी वाटते. गाडीला सावली हवी आणि नवऱ्याला साखर असली तरी चालेल? त्यांना खरोखरच वाईट वाटलं.

शिमग्याला सगळी मुंबई वाडीत उतरली. ऋत्विक गाडी घेऊन आला आणि अंजिराच्या सावलीतच उभी केली. पालखी घरोघर फिरू लागली.

आता या वाडीची एक रीत सांगायला हवी, कारण सगळा घोळ तिच्यापायी झाला. पालखी अंगणात आली, की पाटावर बसते. घरची बाई देवीची ओटी भरते. मग पालखी नाचवून दमलेल्या पोरांना घरचा चहा. चहा झाला, की पालखी उचलायची. पण पालखीच्या माणसांनी कोणाच्या घरी तोंडाने काही मागायचं नाही, देवीच्या मानाला ते कमीपणाचं. आणि घरच्यांनी ‘आता उठा’ म्हणायचं नाही, देवीला जा कसं म्हणायचं? पिढ्यान्‌पिढ्या हे बिनबोभाट चाललं होतं, कारण पिढ्यान्‌पिढ्या चहा वेळेवर येत होता.

यंदा पालखी मालोजींकडे आली ती ऐन उन्हात. ढोल घुमत होता, पोरं घामाने निथळत होती, आणि पुढच्या दांडीला मुरारीच होता, तोच तो मशीनवाला. बनुबाई ओटीच्या तयारीला आत पळताना म्हणाल्या, “चुलीवर आधण ठेवलंय. तेवढी चाय टाका.”

मालोजी चुलीपुढे उभे राहिले. एका बाजूला चहापत्ती आणि साखर. दुसऱ्या बाजूला पाल्याचा डबा. आणि त्यांच्या मनात एकदम उजेड पडला. सगळी वाडी अंगणात आहे, देवी समोर आहे. सगळ्यांनी हा चहा प्यायला, वा म्हटलं, तर उद्या याच झाडावर मशीन चालवायची मुरारीची छाती होईल का? त्यांनी अख्खा डबा आधणात उपडा केला. साखर? छे! औषधात साखर घालायला ते काय अडाणी होते?

पिवळट हिरव्या पाण्याने भरलेला टोप त्यांनी देवीसमोर आणून ठेवला, हात जोडले आणि कप भरू लागले. पोरांनी एक घोट घेतला. ढोलवाल्याचा चेहरा असा झाला, की त्याच्या शेजारच्याने स्वतःचा कप न पिताच खाली ठेवला आणि मग देवीकडे बघून परत उचलला. देवीसमोर आलेलं नाकारता येत नाही. सगळ्यांनी तीर्थ घेतल्यासारखा कसाबसा गिळला.

“कसा हाय?” मालोजींनी विचारलं.

“गार वाटलं,” मुरारी म्हणाला. चहा उकळता होता.

बनुबाईंनी ओटी भरली. टोपावर झाकण होतं, रिकामे कप दिसले, त्यांना वाटलं चहा झाला. त्या पदर सावरून दारात उभ्या राहिल्या, पालखी उठायची वाट बघत. पोरांना वाटलं, मालूकाकांचं औषध झालं, आता चहा येईल. ती बसून राहिली, चहाची वाट बघत. मालोजींना वाटलं, चहा एवढा आवडला, की कोणाचा पाय निघत नाही. ते कौतुकाने सगळ्यांकडे बघत राहिले.

असा बराच वेळ गेला. ढोल थांबला. पुढच्या घरची बाई दोनदा रस्त्यावर येऊन डोकावून गेली. कोणी उठेना, कोणी बोलेना. अंगणात एकेकाचा आवाज खाली येऊ लागला, आणि मग कोणीतरी हळूच म्हणालं, “देवी उठत नाय.”

ते सगळ्यांना ऐकू गेलं. गोमाजीनाना खुर्चीवर बसले होते. त्यांचा चेहरा उतरला होता, आज सकाळपासून त्यांना गरगरत होतं. ते काठीवर भार देऊन उठले.

“मालू,” ते म्हणाले, “आजवर असा कधी झाला नाय. देवी तुज्या दारात बसली. घरात काय लपवाछपवी असंल ती बोला.”

मालोजींनी देवीकडे पाहिलं. मुखवट्याचे चांदीचे डोळे नेमके त्यांच्याच मुठीकडे बघत होते. रोज जिच्यात गोळी लपवली, ती हीच मूठ.

“बोलतो,” ते म्हणाले. “मी डॉक्टरची गोळी बंद केलीय. घरात सांगितलेला नाय. फकस्त पाल्याच्या चायवर हाय. पन साखर उतरली ना! म्हनून म्हनतो, देवीला झाड तोडायचं पटलेला नाय. या झाडाने मला वाचवलंय.”

अंगणात कुजबूज झाली. ऋत्विक “आबा!” म्हणून ओरडलाच. मुरारी मान खाली घालून पायाच्या अंगठ्याने माती उकरू लागला. मालोजींना क्षणभर वाटलं, जिंकलो.

“बंद कुठं केलीय?” बनुबाई दारातून म्हणाल्या. “रोज घेताय तुम्ही.”

“मी?”

“गोळी कुटून मीच घालते तुमच्या चायमधी. पयल्या आठवड्यापासनं. झाडाखाली केर काढताना सापडल्या ना मला, साताठ. तुम्ही ओटीवरनं भिरकवायचा, त्या मला दिसनार नाय व्हय?”

कोणीतरी फस्सकन हसलं आणि देवीकडे बघून गप्प झालं.

“म्हंजे साखर...”

“गोळीने उतरली. चाय कडू लागत नव्हती का?”

“मला वाटलं, गुनकारी हाय म्हनून कडू!”

आता मात्र अख्खं अंगण हसलं. ढोलवाला तर ढोलावर आडवा पडला. हसले नाहीत ते दोघंच, एक मालोजी आणि दुसरे गोमाजीनाना.

“बनू,” नाना घाबऱ्या आवाजात म्हणाले, “माझ्या चायमधी कोन घालतंय?”

हसू थांबलं. नानांनीही मालोजींच्या शब्दावर गोळ्या सोडल्या होत्या, हे तेव्हा सगळ्यांना कळलं. नानांच्या घरी चहात गोळी घालणारं कोणी नव्हतं.

“म्हनूनच तोडायचं म्हनत व्हते मी झाड,” बनुबाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज एकदम कापायला लागला. “शेड गेली खड्ड्यात. यांना मी बघीन, पन नानांना कोन बघनार? उद्या मी चार दिवस मुंबईला गेले, तर यांना तरी कोन बघनार? ऐकतात का माझा? थोरल्या भावजींचा पाय मी बांधला व्हता. परत कोनाचा बांधायचा नाय मला.”

मालोजींना वाटलं, धरणीने आपल्याला पोटात घ्यावं, निदान म्हशींच्या गोठ्यात तरी जाता यावं. इतके दिवस त्यांना वाटत होतं, ही आपल्या जिवावर उठलीय. ती रोज सकाळी वरवंट्याने त्यांचा जीव कुटून चहात घालत होती.

ते देवीसमोर गेले, पाटाला हात लावला. “उद्यापासनं गोळी मी सगळ्यांच्या समोर घेईन,” ते म्हणाले. “आनि नानांना आत्ताच डॉक्टरकडे न्या. ऋत्विक, गाडी काढ.” मग थोडं थांबून हळूच म्हणाले, “झाड तोड, मुरारी. ते असलं का मी त्याच्या नावाने बोलतच राहनार.”

मुरारीने बनुबाईंकडे पाहिलं. “काकी, आनू मशीन का नको?”

बनुबाईंनी डोळे पुसले, झाडाकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं. “नको आनू,” त्या म्हणाल्या. “झाडाने काय केलंय? त्याने कोनाला व्हॉट्सॲप नाय केला.”

आता देवी उठणार, म्हणून सगळे हात जोडून उभे राहिले. गुरवाने गाऱ्हाणं घातलं. पोरांनी मात्र दांडीला हात लावला नाही. ती एकमेकांकडे बघत होती. पुन्हा भीती पसरायला लागली. आता आणखी काय राहिलं?

शेजारची ठमाबाई इतका वेळ ओटीच्या पायरीवर बसून हे सगळं बघत होती. वय झालेलं, कोणाची भीडभाड नाही. ती वैतागून म्हणाली, “अगो बनू, पोरांना चाय दे की. मघापासनं तोंडाकडे बघतायत तुज्या. त्या हिरव्या पान्यावर देवीला नाचवतील काय ती?”

बनुबाईंनी टोपात पाहिलं. मग मालोजींकडे पाहिलं. मालोजी अंजिराच्या पलीकडे जाऊन उभे राहिले होते, पण ते खोड काही त्यांना झाकण्याएवढं नव्हतं.

काळ्या चहात मूठमूठ साखर पडली, आल्याचा वास अंगणभर सुटला. पोरांनी दोन दोन कप ढोसले. ढोलावर थाप पडली आणि पालखी अशी भर्रकन उचलली गेली, की गुरवाच्या हातातला अंगारा पाठीमागच्या बायकांवर पडला. ऋत्विकने गोमाजीनानांना गाडीत घातलं आणि महाडला पळवलं. संध्याकाळी फोन आला, साखर बरीच वाढली होती, पण वेळेत आणलं, गोळ्या पुन्हा सुरू, डॉक्टरांचं रागावून झालं.

मालोजी झाडाखाली चपला घालून बसले होते. न सांगता घातल्या होत्या. बनुबाईंनी बाहेर येऊन एक गोळी त्यांच्या तळहातावर ठेवली. मालोजींनी ती घेतली, गिळली, तोंड उघडून दाखवलं, जीभ वर करून दाखवली.

“झाड ठेवलंस,” ते म्हणाले. “माझ्यासाठी?”

“सावली बरी हाय गाडीला,” बनुबाई म्हणाल्या. पण जरा हसल्या.

मालोजींना फार बरं वाटलं. जन्मात पहिल्यांदाच एवढी अब्रू जाऊनही आपण फायद्यात राहिलो, असं वाटलं. “मंग आता एक गोष्ट कर,” ते लाडात येऊन म्हणाले. “त्या पाल्याच्या चायचा नाव नको काढू. माझी हौस भागली. उद्यापासनं साधी चाय दे, बिनसाखरेची चालंल.”

“देईन की,” बनुबाई आत जाता जाता म्हणाल्या. “पन आधी हा टोप संपवा. देवीसमोर ठेवलेलं टाकायचं नसतं.”

मालोजींनी उठून टोपात डोकावून पाहिलं. लग्नाच्या पंगतीला काढतात तो टोप. अख्ख्या वाडीला पुरेल असा त्यांनीच काठोकाठ भरला होता, आणि वाडीने तो फार जपून प्यायला होता.